घरी अर्क आणि सुगंधी तेल काढायचे तर भांडी कोणती घ्यावीत

गुलाबपाणी, वाळ्याचा अर्क, गवती चहाचे तेल, निलगिरीचे तेल, सगळ्यांची रीत एकच. वनस्पतीतून वाफ न्यायची, ती थंड करून पाणी करायचे आणि त्या पाण्यावर तेल आलेच तर ते वेगळे काढायचे. भांडे घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिले विचारतो, "किती लिटरचे घेऊ?" त्याआधी घरी एक प्रश्न सोडवून जावा: वाफ थंड करायला आपल्याकडे पाणी किती आहे? तुमच्या हातून तासाला किती अर्क निघेल हे भांड्याच्या पोटावर ठरत नाही. ते आच आणि थंडावा या दोन गोष्टींवर ठरते. आच वाढवणे सोपे असते, थंडावा मात्र नेहमी कमी पडतो.

कायद्याचे आधी सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे आणि दारू गाळण्यासाठी साधने बाळगणे हाही गुन्हा आहे. मोहाची फुले, गूळ किंवा काजूची बोंडे आंबवून या भांड्यात घालू नयेत. पुढचे सगळे फक्त साध्या पाण्यातल्या, न आंबवलेल्या पाना-फुला-मुळांबद्दल आहे. मोठे भांडे करून घेतलेत तर बिलावर "सुगंधी तेल काढण्याचे भांडे" असे लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा.

थंडाव्याचा हिशेब

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. तीच वाफ आटवून ४० अंशांपर्यंत आणायची तर साधारण २,५०० किलोज्यूल बाहेर काढावे लागतात. थंड करणारे पाणी २५ अंशांनी तापू दिले, तर एक लिटर अर्कामागे २४-२५ लिटर पाणी लागते. हा आकडा पाठ करून ठेवा.

२० लिटरच्या बादलीत तांब्याची नळी बुडवून ठेवली आणि पाणी २८ अंशांवरून ५० वर गेले, तर त्या बादलीने जेमतेम पाऊण लिटर अर्क दिलेला असतो. त्यानंतर नळीच्या तोंडातून वाफ फुसफुसू लागते. वास घरभर पसरतो, पण बाटलीत काही राहत नाही, आणि सुवासाचा सगळ्यात हलका भाग याच वेळी उडून जातो. २०० लिटरचा पिंप भरून त्यातून कूलरचा छोटा पंप फिरवला, तर तेवढ्याच तापमानफरकात साडेसहा-सात लिटर अर्क आरामात निघतो. विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणीच ३५ अंशांच्या वर असते. तिथे हा हिशेब बराच खाली येतो, म्हणून काम पहाटे उरकावे.

कनौजमध्ये अत्तर काढतात तिथेही जीव याच जागी असतो. 'देग' म्हणजे तांब्याचे मोठे भांडे चुलीवर, बांबूची नळी, आणि दुसऱ्या टोकाला 'भपका' म्हणजे गोळा करण्याचे भांडे पाण्याच्या टाक्यात. कारागीर भपक्याला हात लावून तो किती तापला ते बघत राहतो आणि त्याप्रमाणे पाणी व भपका बदलतो.

दुसरी गोष्ट दाबाची. गवती चहाला वास देणारे सिट्राल एकटे २२९ अंशांना उकळते, पण पाण्याच्या वाफेसोबत १०० अंशांच्या किंचित खालीच निघून येते. न मिसळणाऱ्या दोन द्रवांचे बाष्पदाब एकमेकांत मिळतात, म्हणून हे होते. त्यामुळे घरच्या कामाला दाबाची गरज अजिबात नाही. वाफेची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळी हवी. कुठेही तोटी, झडप किंवा चिमटा नको.

नवख्यासाठी: पातेले आणि बर्फ

पहिल्यांदा काहीही विकत घेऊ नका. पाच लिटरचे खोल स्टीलचे पातेले घ्या. मध्यभागी एक जड वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर काठ उंच असलेली दुसरी वाटी सुलटी ठेवा. भोवती २०० ग्रॅम पाकळ्या आणि एक लिटर पाणी. पाण्याची पातळी वरच्या वाटीच्या काठापासून निदान दोन बोटे खाली राहिली पाहिजे. वर गोल बुडाचे झाकण किंवा लहान कढई अशी ठेवा की तिचा फुगीर भाग आत येईल. त्यावर बर्फ. आच इतकीच की पाणी नुसते हलत राहील.

३५० ते ४०० मिलिलिटर जमले की थांबा, तासाभरात होते. त्याला दोन किलोच्या आसपास बर्फ लागेल. त्यापुढे येणाऱ्या पाण्याला शिजलेल्या भाजीचा वास लागतो.

बिघडते ते असे. पाणी खळखळले की वाटी नाचते आणि उकळते पाणी उसळून अर्कात पडते, अर्क गुलाबी दिसला तर हेच झाले आहे. चांगले गुलाबपाणी पाण्यासारखे स्वच्छ असते. झाकण सपाट असेल तर थेंब काठाकडे ओघळतात आणि वाटी कोरडी राहते.

यातून तेल निघेल अशी आशा धरू नये. सुवासिक दमास्क गुलाबाच्या एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात. तुमच्या २०० ग्रॅममध्ये जेमतेम दोन थेंब असतात आणि तेही पाण्यातच विरघळून राहतात. गुलाबपाण्याचा सुवास म्हणजे हे विरघळलेले तेलच. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांना वासही नसतो आणि त्यांच्यावर फवारणी झालेली असते. गुलकंदाला चालतो तो गावठी गुलाब घ्या, उन्हे चढण्याआधी तोडलेला.

दुसरी पायरी: कुकर आणि तांब्याची नळी

दोन-चारदा पातेल्यात अर्क काढून हात बसला की कुकर. साडेसात लिटरचा स्टीलचा कुकर पुरतो. अॅल्युमिनियमचा नको, आंबट-तुरट पाला त्याला खातो. हा कुकर स्वयंपाकात परत वापरायचा नाही, कारण रबरी रिंगमध्ये गवती चहाचा वास मुरतो तो जात नाही.

शिट्टी काढा आणि तिच्या नळकांड्यावर खाद्यपदार्थांसाठी चालणारी, आतून ८ मिलिमीटरची सिलिकॉनची नळी घट्ट बसवा. ही नळी शक्य तितकी आखूड ठेवा, हातभरही नको. साधी पीव्हीसीची पारदर्शक नळी कधीही वापरू नका. सुगंधी तेले तिच्यातली रसायने ओढून घेतात, नळी चिकट होते आणि अर्काला प्लॅस्टिकचा वास येतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जसाच्या तसा राहू द्या. तो बुजवून "गळती थांबवणे" हा जिवाशी खेळ आहे.

थंड करायला एसी-फ्रिजच्या कामात वापरतात ती मऊ तांब्याची नळी घ्या, ३/८ इंची, चार मीटर. चार इंची पाइपाभोवती सावकाश गुंडाळली तर ती वाकते, मोडत नाही. मोडेल अशी भीती वाटली तर आत बारीक कोरडे मीठ ठासून भरा, दोन्ही टोके बंद करून गुंडाळा आणि मग पाण्याने मीठ धुऊन टाका. वेटोळे बादलीत बसवून खालचे टोक बुडाजवळच्या भोकातून बाहेर काढा. वेटोळ्याचा प्रत्येक फेरा खालच्या बाजूला उतरता हवा. कुठे झोळ राहिला तर तिथे पाणी साचते, नळी गटगट करते आणि कुकरमध्ये दाब चढतो. बादलीत थंड पाणी तळाशी सोडा आणि वरून वाहू द्या, कारण वरच्या वेटोळ्यांत सगळ्यात जास्त उष्णता असते.

पाला पाण्यात बुडवायचा की वाफेवर ठेवायचा हे वनस्पतीवर ठरते. गवती चहा, तुळस, निलगिरी यांना मोदकपात्रातल्यासारखी भोकांची जाळी हवी. जाळीखाली पाणी, वर पाला. गुलाबाच्या पाकळ्या मात्र पाण्यातच हव्यात. जाळीवर त्यांचा लगदा होतो, वाफ एका बाजूने वाट काढून निघून जाते आणि बाकीच्या पाकळ्या कोरड्याच राहतात.

एक पूर्ण घाणा असा. एक किलो गवती चहा सावलीत रात्रभर सुकवलेला, बोटाएवढा कापलेला. जाळीखाली दोन लिटर पाणी. पाला झाकणाच्या नळकांड्यापासून निदान चार बोटे खाली आणि वर मलमलीचा एक थर, म्हणजे तुकडा उडून भोकात अडकणार नाही. मोठ्या बर्नरवर मध्यम आच ठेवली तर तासाला दीड-दोन लिटर निघतो. सव्वा लिटर जमला की गॅस बंद करा. तळाशी पाणी उरलेच पाहिजे. ते संपले तर पाला करपतो आणि करपट वास तेलात जातो, तो पुन्हा काढता येत नाही. नळीचे टोक जमलेल्या अर्कात कधी बुडू देऊ नका; गॅस बंद झाला की आतली वाफ आटते आणि अर्क उलटा कुकरमध्ये ओढला जातो.

ओल्या गवती चहात तेल साधारण ०.२ ते ०.४ टक्के असते, म्हणजे किलोमागे तीनेक मिलिलिटर. लिटरभर पाण्यावर तीन मिलिलिटरचा थर पिपेटने उचलता येत नाही. त्यासाठी अरुंद मानेची बाटली घ्या आणि अर्क शांत होऊ द्या. मग कडेने हळूहळू थोडे साधे पाणी घाला, म्हणजे पातळी मानेत चढते. पिवळे तेल तिथे बोटभर जाड दिसते आणि ड्रॉपरने अलगद निघते. पुढे ५०० मिलिलिटरचे सेपरेटिंग फनेल, म्हणजे तेल-पाणी वेगळे करायचे, खाली तोटी असलेले काचेचे नरसाळे घ्या. काचेच्या प्रयोगशाळा-सामानाच्या दुकानात मिळते.

तिसरी पायरी: २० लिटरचे भांडे

दरमहा काम होत असेल तरच इथे या. २० लिटरच्या बास्केटमध्ये सुकवलेला गवती चहा चार किलोच्या आसपास दाबून बसतो आणि १० ते १५ मिलिलिटर तेल देतो. त्याला चार लिटर अर्क काढावा लागतो, म्हणजे शंभर लिटर थंड पाणी. पिंप आणि पंप आधी, भांडे नंतर.

तांबे की स्टील? फुलांसाठी तांबे सरस. फुलांतून येणारे गंधकाचे उग्र घटक तांबे धरून ठेवते आणि अर्क गोल लागतो. बाकी सगळ्याला ३०४ प्रतीचे स्टील चांगले, धुवायला सोपे. लोखंडी पत्रा मात्र नको. लवंगेसारख्या तेलातले युजेनॉल लोखंडाशी लागून काळपट होते. आमचे ठाम मत असे की भांडे हवे तर तांब्याचे घ्या, पण कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी नळी, स्टीलचाच असावा. अर्क आंबट असतो. तो तांब्याच्या नळीतून ठिबकला की कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते तसे होते, आणि बाटलीतल्या पाण्याला निळसर हिरवी झाक येते. असा अर्क डोळ्यांवर किंवा तोंडावर लावू नये, टाकून द्यावा. कुकरच्या तांब्याच्या नळीलाही हेच लागू आहे, म्हणून ती दर घाण्याआधी लिंबू-मिठाच्या पाण्याने धुवावी आणि पहिले १०० मिलिलिटर फेकावेत.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत सांगाल तसे भांडे करून मिळते. पत्रा १८ ते २० गेज, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिलिमीटर. याहून पातळ पत्र्याला चूल लागली की पोचे येतात. सांध्यांना शिशाचा डाख नको. चांदीचे ब्रेझिंग करून द्या असे स्पष्ट सांगा. ऑनलाइन मिळणारी कांद्याच्या आकाराची छोटी, चकचकीत तांब्याची भांडी बरीचशी शोभेची असतात. पत्रा कागदासारखा, डाख कशाचा ते माहीत नाही, आणि कंडेन्सरची बादली दोन-तीन लिटरची. ती दहा मिनिटांत उकळते.

घेताना हे बघा:

- तोंड एवढे रुंद की हात आत जाऊन तळ घासता येईल.
- वाफेची नळी आतून किमान २५ मिलिमीटर. कंडेन्सरमध्ये गेल्यावर ती १२ मिलिमीटर झाली तरी चालते.
- तळाशी पाणी सोडायचा नळ, म्हणजे गरम पाला उचलण्याआधी पाणी काढता येते.
- स्टीलच्या बिलावर ३०४ लिहिलेले. लोहचुंबक चिकटत नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्वस्त २०२ स्टीललाही तो चिकटत नाही.
- इंडक्शनवर चालवायचे असेल तर उलट, तळाला चुंबक चिकटलाच पाहिजे. तांबे साध्या इंडक्शनवर तापत नाही.

झाकणाच्या सांध्याला घट्ट मळलेल्या कणकेचा लेप अजूनही उत्तम. तो तापून कडक होतो, आणि आत दाब वाढलाच तर आधी तोच फुटतो आणि भांडे वाचते. नवे भांडे आल्यावर पहिल्यांदा पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून तासभर चालवा आणि निघालेले सगळे फेकून द्या. त्याच वेळी प्रत्येक सांध्याजवळ थंड चमचा धरा. त्यावर दव धरले तर तिथून वाफ गळते आहे.

वाळा, लवंग आणि ओवा यांचे वेगळे सांगायला हवे. वाळ्याचे तेल फार सावकाश येते, १८ तास आणि त्याहून जास्त, आणि त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की ते धड तरंगत नाही, धड बुडत नाही. घरी वाळ्याचा अर्कच काढावा: मुळे दिवसभर भिजवून, इंच-इंच कापून. लवंगेत तेल १५ टक्क्यांपर्यंत किंवा अधिक असते, पण ते पाण्यात बुडते. वरचे पाणी ठेवून तळ फेकणारे तेलच फेकतात. ओव्याचे तेल थंड झाले की त्यातल्या थायमॉलचे खडे धरतात, म्हणून ओव्याला कंडेन्सर बर्फाळ ठेवू नये. आणि मोगऱ्याच्या फुलांची पाटी भट्टीत घालून वाया घालवू नका. त्याचा सुवास वाफेत बराचसा बिघडतो.

शेत लावायचा विचार असेल तर काच

गवती चहा किंवा तुळस एकरभर लावायच्या आधी ज्याच्या हाती क्लेव्हेंजर नावाचे काचेचे उपकरण असेल तो पैसे वाचवतो. दोन लिटरचा गोल बुडाचा चंबू, त्याला हीटिंग मँटल (चंबू तापवणारी विजेची गादी), वर क्लेव्हेंजर. तेल ०.१ मिलिलिटरच्या खुणा असलेल्या नळीत जमते आणि पाणी आपोआप चंबूत परत जाते. १५० ग्रॅम पाला, एक लिटर पाणी, तीन तास. तेल किती आले ते बघून टक्केवारी काढता येते. मग सकाळची कापणी बरी की दुपारची, ४५ दिवसांचा पाला की ६० दिवसांचा, हे तुमच्याच मातीतले उत्तर मिळते. हे उपकरण दोन प्रकारचे असते, हलक्या तेलांचे आणि जड तेलांचे. मागवताना वनस्पतीचे नाव सांगा. चंबूत पोर्सिलिनचे चार-पाच तुकडे टाका, नाहीतर पाणी एकदम उसळून पाला कंडेन्सरमध्ये जातो.

यापुढची उडी म्हणजे ५०० किलो किंवा टनाची टाकी. ५०० किलो गवती चहातून दीड-दोन किलो तेल येते आणि इंधन, मजूर, पाणी यांचा हिशेब धंद्याचा होतो. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने शेतावर बसणारी अशी युनिटे विकसित केली आहेत. आराखडा त्यांच्याकडून घ्यावा. स्वतंत्र बॉयलर लावणार असाल तर २५ लिटरपेक्षा मोठा आणि एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त दाबाचा बॉयलर बॉयलर कायद्याखाली येतो. त्याची नोंदणी आणि तपासणी लागते. गावातल्या वेल्डरकडून तो करून घेऊ नये.

साठवण

तेल गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. त्यात पाण्याचा थेंब राहिला तर ते गढूळ दिसते. चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट घालून रात्रभर ठेवले की पाणी शोषले जाते, मग गाळून घ्या. बाटली गॅसजवळ उघडू नका, निलगिरीचे तेल सहज पेट घेते. बाटली उकळून कोरडी करावी, तिच्यात अर्क भरावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. तळाशी पांढरे तंतू तरंगताना दिसले की तो बुरसला. गाळून वापरू नये. पाल्याचा चोथा गार झाल्यावर कंपोस्टमध्ये घाला आणि भांडे त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, झाकण उघडे ठेवून वाळवा. झाकून ठेवलेल्या ओल्या भांड्याचा कुबट वास पुढच्या दोन घाण्यांत उतरतो.